फुप्फुसांच्या यंत्रांची तुलना ब्लूटूथवरून नको

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

हातात मावणाऱ्या फुप्फुस-चाचणी यंत्रांची तुलना करणारे तक्ते हल्ली आरोग्य पुरवण्यांत नेमाने छापून येतात. वजन किती, बॅटरी किती चालते, स्क्रीन रंगीत आहे का, ब्लूटूथ आहे का, अॅप चांगले आहे का, हे सगळे त्यात असते. यंत्र नेमका कोणता आकडा मोजते, कशाच्या आधारे मोजते आणि ते चुकू लागले तर वापरणाऱ्याला पत्ता कसा लागावा, याचा रकाना मात्र आमच्या पाहण्यात आलेला नाही. हे पत्र त्या रकान्यासाठी आहे.

आधी तक्त्यातून काय काढायचे ते सांगतो. तीन चेंडूंचे प्लॅस्टिकचे यंत्र हे मोजमापाचे साधन नव्हे. शस्त्रक्रियेनंतर खोल श्वास आत ओढण्याचा सराव व्हावा म्हणून ते देतात. त्यावरचे ६००, ९०० आणि १२०० हे आकडे श्वास आत ओढण्याच्या वेगाचे, म्हणजे मिलिलिटर प्रति सेकंद, आहेत. दमा आणि सीओपीडीत (श्वासनलिका कायमच्या अरुंद होण्याच्या आजारात) अडथळा मुख्यतः श्वास सोडताना येतो, त्यामुळे तिसरा चेंडू झटकन वर गेला म्हणून श्वासनलिका मोकळ्या ठरत नाहीत. शिवाय यंत्र जरा तिरके धरले की चेंडू कमी जोरातही चढतात. बोटाला लावायचा ऑक्सिमीटरही इथे उपरा आहे. पहिल्या सेकंदात सुटणारी हवा निम्म्यावर आलेल्या माणसाच्या रक्तातला ऑक्सिजन ९७ टक्के दिसू शकतो. आणि ‘अमुक सेकंद दम रोखता आला तर फुप्फुसे ठणठणीत’ ही मोबाईलवर फिरणारी परीक्षा मुख्यतः कार्बन डायऑक्साइड साचल्यावर होणारी घुसमट किती सोसता येते ते सांगते.

उरतात तीन प्रकार: पीक फ्लो मीटर, एफईव्ही-१ (पहिल्या सेकंदात सुटणारी हवा) आणि एफईव्ही-६ (पहिल्या सहा सेकंदांत सुटणारी हवा) दाखवणारे छोटे मॉनिटर आणि सोडलेली सगळी हवा मोजून तिचा आलेख काढणारा पूर्ण स्पायरोमीटर. या तिघांना एका ओळीत बसवून ‘अचूकता’ नावाचा एकच रकाना भरणे म्हणजे मोजपट्टी, वजनकाटा आणि घड्याळ यांत अचूक कोण, असे विचारण्यासारखे आहे.

पीक फ्लो मीटर सगळ्यांत साधा. ब्रिटिश संशोधक बी. एम. राइट यांनी १९५९ मध्ये त्याचे मूळ मोठे रूप मांडले आणि १९७८ मध्ये खिशात मावणारे छोटे रूप आणले. आत एक दट्ट्या आणि स्प्रिंग असते. फुंकरीच्या सर्वाधिक वेगाने दट्ट्या जिथवर ढकलला जातो तिथे काटा थांबतो, आणि तो आकडा लिटर प्रति मिनिटात वाचायचा. स्पायरोमीटर हाच वेग बहुधा लिटर प्रति सेकंदात दाखवतो. तो ६० ने गुणायचा राहिला की घोटाळा होतो: ७.५ म्हणजे ४५०. हा फरक न कळल्याने घाबरलेले रुग्ण दर महिन्याला भेटतात.

या मीटरच्या पट्टीचा एक जुना गुंता आहे. राइट यांची मूळ पट्टी मधल्या टप्प्यात, ३०० च्या आसपास, बऱ्यापैकी जास्त आकडा दाखवत असे. युरोपीय मानकाची नवी पट्टी आली आणि ब्रिटनने सप्टेंबर २००४ पासून ती स्वीकारली. घरात जुना मीटर असेल आणि नवा घेतला, तर त्याच माणसाचा, त्याच दिवशीचा आकडा वेगळा येतो. औषध वाढवावे की कमी करावे हे अशा वेळी मीटरच्या बदलावर ठरते, रुग्णाच्या तब्येतीवर नाही. म्हणून नवा मीटर आणला की दोन्हींवर आठवडाभर फुंकून दोन्ही आकडे वहीत शेजारी-शेजारी लिहावेत आणि ‘स्वतःचा सर्वोत्तम’ आकडा, म्हणजे तब्येत बरी असतानाचा सर्वांत मोठा, नव्या मीटरवर पुन्हा ठरवावा.

वापरताना काटा तळाला आणायचा, शक्यतो उभे राहायचे, मीटर आडवा धरायचा आणि काटा सरकतो त्या खाचेवर बोटे येऊ द्यायची नाहीत. बोट खाचेवर आले की काटा तिथेच अडतो आणि माणसाला वाटते, आज दम कमी पडला. पूर्ण श्वास भरायचा, ओठ घट्ट मिटायचे आणि एकच जोरकस, छोटी फुंकर मारायची. तीनदा करून सर्वांत मोठा आकडा लिहायचा, सरासरी काढायची नाही. सर्वांत मोठ्या दोन आकड्यांत ४० पेक्षा जास्त अंतर असेल तर आणखी फुंकायचे. सगळ्यांत फसवा आकडा येतो तो ‘थुंकण्याने’: जीभ माउथपीसला टेकवून, गाल फुगवून, बी थुंकावे तशी हवा सोडली की काटा शंभरने वर उडतो. लहान मुले हे आपणहून शोधून काढतात आणि आई-वडील खूश होतात. गालांवर नजर ठेवली की लगेच कळते.

दमा असल्याचा संशय पडताळण्यासाठी सकाळ-संध्याकाळ एक-दोन आठवडे नोंद करतात. दिवसाच्या मोठ्या आकड्यातून लहान वजा करायचा, त्या दोघांच्या सरासरीने भागायचे आणि सगळ्या दिवसांची सरासरी काढायची. सकाळी ३२० आणि संध्याकाळी ३८० असेल तर फरक ६०, सरासरी ३५०, म्हणजे सुमारे १७ टक्के. प्रौढांत १० टक्क्यांच्या आणि मुलांत १३ टक्क्यांच्या वर सरासरी गेली तर चढउतार जास्त समजतात. इथे मीटर दहा टक्के चुकीचा असला तरी रोज सारखाच चुकत असेल तर काम भागते. सीओपीडीसाठी मात्र हा मीटर लंगडा. पीक फ्लो मोठ्या श्वासनलिका आणि रुग्णाचा जोर यांवर बराच अवलंबून असतो, त्यामुळे लहान नळ्या खराब झालेल्या असूनही आकडा बरा दिसू शकतो.

आता स्पायरोमीटर. इंग्लिश डॉक्टर जॉन हचिन्सन यांनी १८४६ मध्ये पाण्यावर तरंगणारी घंटा वापरून दोन हजारांहून जास्त माणसांचा श्वास मोजला. त्यांचे यंत्र आकारमान थेट मोजत होते. आजची हातातली यंत्रे ते मोजत नाहीत. ती प्रवाहाचा वेग मोजतात आणि क्षणाक्षणाची बेरीज करून आकारमान काढतात. वेगात बारीकशी चूक असली तर ती प्रत्येक क्षणी बेरजेत पडते, आणि इथूनच तुलना खरी सुरू होते, कारण प्रत्येक सेन्सरची चुकण्याची तऱ्हा वेगळी आहे.

टर्बाइनच्या यंत्रात एक हलके पाते फिरते आणि इन्फ्रारेड किरण किती वेळा तुटला ते मोजले जाते. खोलीच्या हवेतल्या बाष्पाचा त्याला फारसा त्रास नाही, रचनाही सोपी. पण पात्याला स्वतःचे वजन आहे. फुंकरीच्या शेवटी हवा अगदी मंद होते तेव्हा पाते अडखळते, आणि सीओपीडीच्या रुग्णाची शेवटची हवा नेमकी तशीच मंद असते. केस, धागा, वाळलेली थुंकी अक्षावर अडकली की आकडा कमी येतो आणि यंत्र काहीच कुरकुर करत नाही. टर्बाइन हातात घेऊन हलकेच डावी-उजवीकडे हलवावी, पाते मोकळे फिरले पाहिजे. धुताना नळाच्या धारेखाली धरू नये, धारेने पाते वाकते. कंपनीने सांगितलेल्या जंतुनाशकात बुडवून, शुद्ध पाण्यात विसळून, उभी ठेवून पूर्ण वाळवावी.

दाबातल्या फरकावर चालणाऱ्या यंत्रात हवेच्या वाटेत जाळी किंवा बारीक नळ्यांचा गठ्ठा असतो. त्याच्या अलीकडचा आणि पलीकडचा दाब मोजून वेग काढतात. मंद प्रवाह ही यंत्रे छान पकडतात. त्यांचे दुखणे दोन ठिकाणी. श्वासातली वाफ जाळीवर बसली किंवा कफाचा थेंब पडला की अडथळा वाढतो, दाबाचा फरक वाढतो आणि यंत्र जास्त हवा मोजते. म्हणजे टर्बाइन घाण झाली की रुग्ण आजारी दिसतो, जाळी घाण झाली की तोच रुग्ण सुधारलेला दिसतो. दुसरे दुखणे शून्याचे. चाचणीआधी यंत्र ‘हवा स्थिर आहे’ असे गृहीत धरून शून्य ठरवते. त्या दोन-तीन सेकंदांत पंख्याचा झोत आला, रुग्णाने माउथपीस आधीच तोंडात घेतले किंवा यंत्र हलवले, की शून्यच सरकते. मग माणूस फुंकायचा थांबला तरी आकारमान-वेळ आलेखाची रेषा सपाट न होता सरळ तिरपी वर चढत राहते. अशी रेषा दिसली की आकडे न वाचता पुन्हा शून्य करावे. रेषा उलट खाली झुकली तरी कारण तेच.

ध्वनिलहरींच्या यंत्रात हवेच्या वाटेला तिरप्या दिशेने दोन्ही बाजूंनी लहरी सोडतात. प्रवाहाच्या दिशेने लहर लवकर पोचते, विरुद्ध दिशेने उशिरा, आणि त्या फरकावरून वेग कळतो. हलणारा भाग नाही, जाळी नाही, आणि रुग्णागणिक बदलायची नळी सेन्सरला श्वास लागू देत नाही. एकच यंत्र अनेकांसाठी वापरायचे असेल तर आमचे मत याच बाजूला झुकते. पण दर वेळी नळी विकत घ्यावी लागते, आणि ती चुकीच्या दिशेने किंवा अर्धवट बसवली तर मोजमाप बिघडते. एकदा वापरायची नळी धुऊन पुन्हा वापरणे हा तर भलताच काटकसरीपणा.

सेन्सर कोणताही असो, त्याची परीक्षा तीन लिटरच्या सिरिंजने होते. अमेरिकन थोरॅसिक सोसायटी आणि युरोपियन रेस्पिरेटरी सोसायटी यांच्या २०१९ च्या संयुक्त मानकाप्रमाणे वापराच्या दिवशी निदान तीनदा, ०.५ ते १२ लिटर प्रति सेकंद या पट्ट्यात वेगवेगळ्या वेगाने सिरिंज रिकामी करायची: एकदा सावकाश सहा सेकंदांत, एकदा मध्यम, एकदा झटक्यात. प्रत्येक वेळी उत्तर ३ टक्क्यांच्या आत, म्हणजे २.९१ ते ३.०९ लिटर यायला हवे. फक्त मध्यम वेगाने दट्ट्या ढकलून ‘कॅलिब्रेशन ओके’ लिहिणारे बरेच आहेत, आणि अडखळणारी टर्बाइन नेमकी मंद वेगालाच पकडली जाते. फिल्टर लावून चाचणी घेणार असाल तर सिरिंजही फिल्टर लावूनच जोडायची. सिरिंज उन्हात किंवा हीटरजवळ ठेवायची नाही, पोटाशी धरून गरम करायची नाही. तक्त्यात छापण्याजोगा पहिला प्रश्न हाच: या यंत्राला सिरिंज जोडता येते का आणि उत्तर पडद्यावर दिसते का? घरगुती यंत्रांत पुष्कळांना ही सोयच नसते. तिथे निदान एका निरोगी, धूम्रपान न करणाऱ्या माणसाने वेगवेगळ्या दिवशी दहा वेळा चाचणी देऊन आपली सरासरी काढून ठेवावी आणि दर आठवड्याला एकदा फुंकावे. त्याचे आकडे सतत एकाच दिशेला सरकू लागले तर बिघाड यंत्रात आहे.

तापमानाचेही पाहावे लागते. फुप्फुसातली हवा ३७ अंशांची आणि बाष्पाने भरलेली असते, बाहेर ती थंड होऊन आकसते, म्हणून गणितात दुरुस्ती करावी लागते. खोली २० अंशांवर असेल तर पूर्ण दुरुस्तीचा गुणक सुमारे १.१०२, ३० अंशांवर १.०४५. खोली ३० ची आणि यंत्रात २० नोंदलेले असेल तर आकडा पाच टक्क्यांपर्यंत फुगू शकतो. यंत्र बॅगेतून काढल्या काढल्या वापरू नये, खोलीच्या तापमानाला येऊ द्यावे.

यंत्र बरोबर असूनही बहुतेक चाचण्या वाया जातात त्या फुंकरीत. एक उदाहरण घेऊ. एखाद्या बाईची पूर्ण सोडलेली हवा, म्हणजे एफव्हीसी, २.८० लिटर आहे आणि त्यातली पहिल्या सेकंदाची, एफईव्ही-१, १.८२ लिटर. भागाकार ०.६५, म्हणजे ०.७० च्या खाली: अडथळा आहे. तीच बाई दमून तिसऱ्या सेकंदाला थांबली आणि एफव्हीसी २.४५ नोंदली गेली, तर भागाकार ०.७४ येतो आणि अहवालावर ‘नॉर्मल’ छापले जाते. नुसता आकडा दाखवणाऱ्या यंत्रात ही चूक अदृश्य राहते. आलेख असेल तर रेषा सपाट व्हायच्या आधीच कड्यावरून तुटल्यासारखी संपलेली दिसते. शेवटच्या एका सेकंदात २५ मिलिलिटरपेक्षा कमी हवा निघाली तर सपाटी आली असे मानतात, नाहीतर १५ सेकंदांपर्यंत फुंकू द्यावे. म्हणून तर चाचणी घेणारा ‘फुंका, फुंका, अजून, अजून, सोडू नका’ असे ओरडत असतो. अॅपमधली विझवायची मेणबत्ती हे काम करत नाही. मेणबत्त्या पहिल्या सेकंदात विझतात आणि मूल तिथेच थांबते.

सहा सेकंदांवर थांबणारे छोटे मॉनिटर ही दमछाक टाळतात आणि पहिली चाळणी म्हणून चांगले आहेत. पण सहा सेकंदांतली हवा पूर्ण हवेपेक्षा जास्त कधीच नसते, त्यामुळे भागाकार थोडा वर जातो. वरच्याच बाईची एफईव्ही-६ २.६५ असेल तर ०.६९ येते, ०.६५ नाही. ०.७० ची रेघ जशीच्या तशी इथे लावली तर काठावरचे रुग्ण निसटतात.

सुरुवातही तपासावी लागते. घुटमळत सुरू झालेली फुंकर एफईव्ही-१ बिघडवते. चांगले यंत्र ही घुटमळ मोजते आणि ती एफव्हीसीच्या ५ टक्के किंवा १०० मिलिलिटर, यांपैकी जे जास्त त्याहून अधिक असेल तर फुंकर बाद करते. तीन स्वीकारण्याजोग्या फुंकरी हव्यात आणि त्यातल्या सर्वांत मोठ्या दोन एफव्हीसीत, तसेच दोन एफईव्ही-१ मध्ये, १५० मिलिलिटरपेक्षा जास्त फरक नको. प्रौढांत आठ प्रयत्नांपुढे सहसा जाऊ नये. नाकाला चिमटा लावावा. कवळी नीट बसत असेल तर तोंडात राहू द्यावी, ओठांना आधार मिळतो. आणि हातातले यंत्र पकडताना तळवा मागच्या, हवा बाहेर पडायच्या तोंडावर येत नाही ना ते पाहावे. छोट्या यंत्रांत हे फार होते.

टक्क्यांविषयी. ‘८२ टक्के’ हा आकडा यंत्राने मोजलेला नसतो. वय, उंची आणि लिंग यांवरून अपेक्षित आकडा काढून त्याच्याशी केलेली ती तुलना आहे. उंची विचारून लिहिली आणि पाच सेंटीमीटर चुकली तर अपेक्षित आकडा सहा-सात टक्के हलतो. बूट काढून मोजावी. पाठीला बाक असेल तर पसरलेल्या हातांची लांबी घ्यावी. त्यातून एका यंत्रात जुने युरोपीय कोष्टक, दुसऱ्यात ग्लोबल लंग फंक्शन इनिशिएटिव्हचे २०१२ चे, तिसऱ्यात त्यांचेच २०२२ चे वंशागणिक वेगळे आकडे न देणारे, असे असू शकते. अॅप अपडेट झाले आणि कोष्टक बदलले की फुप्फुसे तीच राहून टक्के बदलतात. दोन अहवाल ताडायचे असतील तर लिटरमधले आकडे ताडावेत.

श्वासनलिका मोकळ्या करणारे औषध देऊन, फरक पडतो का ते पाहायला पुन्हा फुंकायचे असेल तर सॅल्ब्युटामॉलचे १०० मायक्रोग्रॅमचे चार झोत स्पेसरमधून (पंप आणि तोंड यांच्यामधल्या नळकांड्यातून) द्यावेत आणि १० ते १५ मिनिटे थांबावे. घरी लोक दोनच मिनिटांत फुंकून ‘फरक नाही’ म्हणतात. आणि चाचणीच्या निदान चार तास आधी असे झटपट औषध घेतलेले नसावे, दीर्घ परिणामाच्या औषधांसाठी डॉक्टरांना विचारून एक-दोन दिवस.

फुंकताच न येणाऱ्या लहान मुलांसाठी आणि फार थकलेल्या वृद्धांसाठी ऑसिलोमेट्री आहे. नेहमीसारखा श्वास चालू ठेवायचा, यंत्र त्यावर बारीक कंपने सोडून नळ्यांचा अडथळा मोजते. दोन्ही तळव्यांनी गाल दाबून धरावे लागतात, नाहीतर कंपने गालांतच विरतात. तिचे आकडे स्पायरोमीटरच्या आकड्यांशी जुळवायला जाऊ नये, आणि एका कंपनीच्या यंत्राचे दुसऱ्याशीही नको.

शेवटी, कोणत्याच तक्त्यात न छापलेली गोष्ट. जोराच्या फुंकरीने छातीत, पोटात, डोळ्यांत आणि डोक्यात दाब वाढतो. हृदयविकाराचा झटका किंवा डोळ्यांची शस्त्रक्रिया होऊन आठवडा झाला नसेल, मेंदूची, छातीची वा पोटाची शस्त्रक्रिया होऊन चार आठवडे झाले नसतील, खोकल्यातून रक्त पडत असेल किंवा फुप्फुसाबाहेर हवा साठली असेल, तर घरी यंत्र हाताशी आहे म्हणून फुंकून पाहू नये. क्षयाचा संशय असेल तर एका घरात एकच माउथपीस फिरवणे तर सोडाच, थुंकी तपासून होईपर्यंत चाचणीच थांबवावी.

आपले,
फुप्फुस-कार्य चाचणी करणारे तंत्रज्ञ